अदिस अबाबा: नुसतं विमान बदलून पुढे जाऊ नका

रानमोगरा

आफ्रिकेला जाणारी आपल्याकडची बरीच मंडळी मुंबईहून इथिओपियाच्या विमानात बसतात, साडेपाच तासांनी अदिस अबाबाच्या बोले विमानतळावर उतरतात, खुर्चीत अवघडून तीन-चार तास काढतात आणि नैरोबी, किलिमांजारो नाहीतर व्हिक्टोरिया धबधब्याकडे निघून जातात. मीही दोनदा हेच केलं. तिसऱ्या खेपेला कामासाठी तीन आठवडे त्याच शहरात राहणं झालं. आधीच्या दोन खेपा वाया घालवल्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून हा धागा.

शहर तसं तरुण, १८८६ सालचं. मेनेलिक दुसरा तेव्हा शोआ प्रांताचा राजा होता, सम्राट व्हायचा होता. त्याची राजधानी एंतोतोच्या डोंगरावर, तीन हजार मीटरच्याही वर. शत्रूवर नजर ठेवायला जागा उत्तम, पण थंडी बोचरी, वारा सतत, आणि जळणाची मारामार. राणी तायतू डोंगराच्या पायथ्याशी फिलवोहाच्या गरम झऱ्यांवर स्नानाला उतरायची. तिला खालची हवा मानवली. तिनं तिथे घर बांधून घेतलं आणि जागेचं नाव ठेवलं अदिस अबाबा, म्हणजे नवं फूल. राणीमागून दरबार उतरला, सरदारांनी आपापल्या टेकड्या धरल्या. आजही शहराचा आकार बघितला की ही वस्ती छावणीसारखी वाढली हे कळतं.

मग झाडं संपली. इतकी, की १९०० च्या सुमारास मेनेलिकनं राजधानी पश्चिमेला अदिस आलेमला हलवायची तयारी चालवली होती. शहर वाचलं ते ऑस्ट्रेलियातून आणून लावलेल्या निलगिरीमुळे. भराभर वाढणारं, तोडलं की पुन्हा फुटणारं झाड. तिथले लोक त्याला 'बाहिर झाफ' म्हणतात, समुद्रापलीकडचं झाड. एंतोतोला सकाळी गेलात तर निलगिरीचे डहाळे पाठीवर बांधून उतरणाऱ्या बायका भेटतील. एकीनं वळणावर भारा कठड्याला टेकवला आणि दोर सैल केला, तेव्हा दोन्ही खांद्यांवर दोराचे वळ दिसले. वय साठीच्या पुढचंच असेल. भारा माझ्याहून उंच होता. निलगिरीमुळे जमिनीतलं पाणी आटतं, इतर झाडं वाढत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण त्या झाडाशिवाय हे शहर आज तिथे नसतं, हेही तितकंच खरं.

इथिओपियाचा माणूस इतिहासाबद्दल बोलायला लागला की पहिला शब्द येतो अडवा. १८८९ मध्ये इटलीशी वुचालेचा तह झाला. अम्हारिक प्रतीत लिहिलं होतं की परराष्ट्रांशी व्यवहार करताना इथिओपियाला हवं तर इटलीची मदत घेता येईल. इटालियन प्रतीत तेच कलम असं होतं की व्यवहार इटलीमार्फतच करावा लागेल. एका क्रियापदात देश गिळायचा डाव होता. मेनेलिकनं तह झुगारला, आणि १ मार्च १८९६ ला अडवाच्या डोंगरात इटालियन फौजेचा पुरता पराभव केला. तायतू स्वतः आपलं सैन्य घेऊन रणात होती. या विजयाच्या स्मरणार्थ शहरात सेंट जॉर्जचं अष्टकोनी चर्च उभं राहिलं, त्यासाठी इटालियन युद्धकैद्यांचे हात लागले. जवळच्या चौकात घोड्यावरचा मेनेलिक आहे. १९३६ साली इटालियन पुन्हा आले तेव्हा त्यांनी तो पुतळा उतरवून पुरून टाकला होता. १९४१ मध्ये लोकांनी तो पुन्हा उभा केला.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. सिदिस्त किलो भागात विद्यापीठाच्या आवारात सम्राट हाइले सेलासींचा जुना राजवाडा आहे. १९६१ मध्ये त्यांनी तो विद्यापीठाला देऊन टाकला. वाड्यासमोर सिमेंटचा एक जिना आहे. गोल वळत वर जातो आणि कुठेच पोचत नाही. वर दार नाही, गच्ची नाही, फक्त आकाश. इटालियनांनी तो बांधला, मुसोलिनीच्या राजवटीच्या प्रत्येक वर्षाची एक पायरी, १९२२ पासून मोजून. ते हुसकावले गेल्यावर इथिओपियानं जिना पाडला नाही. शेवटच्या पायरीवर आपला सिंह बसवला, ज्यूडाचा सिंह, सम्राटांचं राजचिन्ह. छोटासाच आहे. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते.

याच वाड्यात १९ फेब्रुवारी १९३७ ला इटालियन व्हाइसरॉय ग्रात्सिआनी दानधर्माचा समारंभ करत होता. अब्राहा देबोच आणि मोगेस असगेदोम या दोन एरिट्रियन तरुणांनी त्याच्यावर हातबॉम्ब फेकले. तो जखमी झाला, वाचला. त्यानंतर तीन दिवस काळ्या डगलेवाल्यांना, म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्ट सैनिकांना, शहरात मोकळं रान मिळालं. घरं माणसांसकट पेटवली. इथिओपियाच्या सरकारनं मृतांचा आकडा ३०,००० दिला होता. इतिहासकारांचे अंदाज त्याहून कमी, पण तेही हजारांत आहेत. त्यांच्या कॅलेंडरात तो दिवस येकातित महिन्याचा १२ वा. राजवाड्याच्या फाटकाबाहेर चौकात 'येकातित १२' नावाचा उंच स्तंभ आहे आणि त्याच्या तळाशी ब्राँझमध्ये तो दिवस कोरलाय. बसची वाट बघणारी पोरं त्याच्या कठड्यावर बसून अभ्यास करत असतात.

वाड्यातलं संग्रहालय फार चांगलं आहे. माणसाच्या आयुष्याच्या क्रमानं मांडलंय: जन्म, बाळपण, लग्न, काम, मरण. वरच्या मजल्यावर सम्राटांची झोपायची खोली तशीच आहे.

राष्ट्रीय संग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तळघरात 'लूसी'. २४ नोव्हेंबर १९७४ ला अफार प्रांतात हादार इथे सापडलेला, माणसाच्या पूर्वजांपैकी एकीचा, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा. ठेवलेली प्रतिकृती आहे, मूळ हाडं कुलपात. उंची साधारण साडेतीन फूट. तिकडे तिला 'दिन्किनेश' म्हणतात, 'तू अद्भुत आहेस'. मला हे नाव जास्त आवडलं.

मेर्काटो बाजाराबद्दल थोडकंच लिहिते, कारण तो मला झेपला नाही. पण 'मिनालेश तेरा' नावाची गल्ली जरूर बघा. तिथे जुन्या पत्र्याच्या डब्यांपासून चुली, टायरपासून चपला, पिंपांपासून बादल्या ठोकून तयार होतात. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

बाकी प्रतिसादांत बोलू.

पायवाट

छान लिहिलंय. पुढच्या वर्षी टांझानियाला जायचं आहे आणि विमान अदिसवरूनच आहे. दोन प्रश्न. आई बरोबर असणार, ती शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जेवणाचं काय? आणि सुरक्षित आहे का?

रानमोगरा

पायवाट, आईंची अजिबात काळजी करू नका. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास आपल्या चातुर्मासालाही मागे टाकतील असे असतात. दर बुधवार, दर शुक्रवार, शिवाय ईस्टरआधीचे दोन महिने आणि आणखी बरेच. उपासाला मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही. त्यामुळे कुठल्याही खानावळीत 'ये त्सोम' म्हणजे उपासाचं म्हटलं की ताट येतं. 'बेयायनेतू' मागायचं. मोठ्या थाळ्यावर इंजेरा पसरलेला आणि त्यावर आठ-दहा भाज्यांचे ढीग: मसूर, हळद घातलेली पिवळी डाळ, पालेभाजी, बीट, कोबी-बटाटा.

इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर घातलेली आंबोळी. एकाच बाजूनं भाजतात, वर सुरेख जाळी पडते. चव मात्र आपल्या आंबोळीहून बरीच आंबट. पहिला घास आईंना कदाचित नको वाटेल, तिसऱ्यापर्यंत थांबा. आणि 'शिरो' घ्याच. नावावरून गोड समजू नका, ते सरळ सरळ पिठलं आहे! भाजलेल्या चण्याचं मसालेदार पीठ, मातीच्या भांड्यात रटरटत समोर येतं. इतर दिवशी त्यात मसाल्याचं तूप घालतात, उपासाला तेल.

आमच्या कचेरीतल्या एका वयस्क बाईंनी पहिल्याच दिवशी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, भाजी गुंडाळली आणि हात थेट माझ्या तोंडापाशी आणला. मी गांगरले. याला 'गुर्शा' म्हणतात. पाहुण्याला घास भरवायचा. मोठा घास म्हणजे मोठी माया, आणि एकावर थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीबाहेर मला कुणी असं भरवलं त्याला तीस वर्षं झाली असतील. माझे डोळे भरून आले, त्यांना वाटलं तिखट लागलं.

सुरक्षिततेचं म्हणाल तर राजधानीत मी दिवसा एकटी हिंडले, रात्री टॅक्सीनं. पाकीटमारी आहे. देशाच्या इतर भागांचं मात्र तिकीट काढण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचूनच ठरवा. २०२० ते २०२२ टिग्रायमध्ये भीषण युद्ध झालं, आणि खडकात कोरलेल्या चर्चचं लालिबेला ज्या अम्हारा भागात आहे तिथे २०२३ पासून अशांतता आहे. एक महत्त्वाचं: पीतज्वराची लस. इथिओपियातून भारतात परतताना तिचा दाखला मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची.

ओवी_७

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं अदिसला होते. धागा बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वेळेची गंमत राहिली. त्यांचं घड्याळ सूर्योदयाला सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. गॅस दुरुस्त करणारा 'तीन वाजता येतो' म्हणाला, मी दुपारभर घरात थांबायच्या हिशोबात, आणि तो सकाळी नऊला दारात हजर. आपल्या पणज्या सूर्य उगवल्यापासून घटका मोजायच्या, त्यातलंच हे. ठरवताना 'फेरेंजी' म्हणजे परक्यांची वेळ की 'हबेशा' म्हणजे त्यांची वेळ, हे विचारून घ्यायचं. वर्षाचे महिने तेरा: तीस दिवसांचे बारा आणि शेवटचा पाच-सहा दिवसांचा 'पागुमे'. सालही आपल्याहून सात-आठ वर्षं मागे. नवं वर्ष ११ सप्टेंबरला. पावसाळा संपलेला असतो आणि डोंगरभर 'अदेय अबेबा'ची पिवळी फुलं. आपल्या सह्याद्रीवर त्याच दिवसांत सोनकी फुलते, अगदी तसा रंग. मुली फुलांच्या जुड्या घेऊन दारोदार गाणी म्हणत येतात.

आणि लिपी! मी अम्हारिक शिकायला बसले तेव्हा बाईंनी फळ्यावर तक्ता काढला: एकेका व्यंजनाची सात रूपं. लू, ली, ला, ले, लो वगैरे. मी म्हटलं, अहो, ही तर बाराखडी! त्यांना कळेना मी इतकी का हरखले. तक्ता पाठ करायची पद्धतही तीच, सुरात.

कॉफीचं कुणीतरी लिहाल असं वाटलं होतं, मीच लिहिते. जमिनीवर ओलं गवत पसरतात. बाई हिरव्या बिया धुऊन तव्यावर तुमच्यासमोर भाजते, धूर निघायला लागला की तवा प्रत्येकासमोर फिरवते, तुम्ही हातानं धूर जवळ ओढून घ्यायचा. मग कुटणं, मग 'जेबेना' या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळणं. शेजारी ऊद जळत असतो, खायला मक्याच्या लाह्या. तीन फेऱ्या: अबोल, तोना, बेरेका. तिसरी बरकतीची, ती न घेता उठणं बरं दिसत नाही. तास-दीड तास जातो. शेजारणींची सगळी सुखदुःखं मला दुसऱ्या फेरीत कळायची.

नांगरट

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. राणी डोंगरावरून उतरली आणि तिनं फुलाचं नाव ठेवलं, हे वाचताना खाली मोकळं माळरान होतं असं वाटतं. तसं नव्हतं. तिथे ओरोमो लोकांची वस्ती होती, गुरं होती, आणि जागेला नाव होतं: फिनफिन्ने, म्हणजे झरे. ओरोमो आजही शहराला याच नावानं हाक मारतात. हा विषय जुना झालेला नाही. शहराची हद्द आजूबाजूच्या ओरोमो शेतांवर वाढवण्याच्या आराखड्यावरूनच २०१४ पासून मोठी आंदोलनं पेटली, माणसं मेली, २०१६ मध्ये आराखडा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे शहरालगतच्या गावांतल्या जमिनी कशा गेल्या ते पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

रानमोगरा

नांगरट, तुमचं म्हणणं मान्य. मला जे सांगितलं गेलं ते दरबाराच्या बाजूचं होतं आणि मी ते तसंच उतरवलं. लेखातलं वाक्य बदलता येत नाही, पण वाचणाऱ्यांनी हा प्रतिसाद लेखाचाच भाग समजून वाचावा.

बुरूज

महाराष्ट्राचा धागाही यात आहे. 'हबशी' हा शब्द त्या मुलखाच्या 'अल-हबश' या अरबी नावावरून आला. मलिक अंबर तिकडचाच. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्यानं १६१० मध्ये वसवलं. कबर खुलताबादला. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेकडूनच आलेले.

दुसरा धागा कमी लोकांना माहीत असतो. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियनांचा कणा मोडला, तो मोडणाऱ्या सैन्यात भारतीय चौथी आणि पाचवी डिव्हिजन होत्या, आणि त्यांत मराठा पलटणीही. ६ एप्रिलला दक्षिणेकडून आलेल्या फौजांनी अदिस घेतलं. ५ मे १९४१ ला सम्राट शहरात परतले. इटालियन सेना शहरात शिरली होती ५ मे १९३६ ला, बरोबर पाच वर्षांपूर्वी. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएची जी घुमटाची मुख्य इमारत आहे, तिचं नाव 'सुदान ब्लॉक'. याच मोहिमेत सुदानच्या रक्षणासाठी पडलेल्या भारतीय जवानांच्या स्मारकाकरता सुदाननं एक लाख पौंड दिले होते, त्यावरून. माझे वडील तिथे नोकरीला होते. लहानपणी मी ती इमारत रोज बघायचो, नावाचा अर्थ चाळिशीत कळला.

कौलारू

मी २०१८ आणि २०२४ अशा दोनदा जाऊन आले. मन घट्ट करून लिहिते. पियासा हा जुना भाग, जिथे आर्मेनियन, ग्रीक आणि आपल्याकडच्या हिंदी कारागिरांनी बांधलेली लाकडी सज्ज्यांची घरं होती, त्याचा मोठा तुकडा २०२४ मध्ये रस्तारुंदी आणि सुशोभीकरणासाठी पाडला. पहिल्या वेळी ज्या दुकानात मी मॅकियातो प्यायले होते तिथे आता रुंद पदपथ आणि दिवे आहेत. अडवाचं नवं स्मारक-संग्रहालय त्याच भागात फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं. ते भव्य आहे, बघण्यासारखं आहे. पण तिथून हललेली कुटुंबं शहराच्या कडेला गेली, त्यांची शेजारपाजारची तीन फेऱ्यांची कॉफी तुटली, हे एका टॅक्सीवाल्यानं सांगितलं तेव्हा तो रस्त्याकडेच बघत होता.

हे शहर जुन्या जागांवर नवं बांधतच आलंय. आफ्रिकी संघाची चीननं बांधून दिलेली उंच इमारत २०१२ मध्ये उघडली, ती जिथे आहे तिथे आधी मध्यवर्ती तुरुंग होता. नाव 'आलेम बेकान्ये', 'जगा, तुझा निरोप घेतो'. ग्रात्सिआनीच्या काळात तिथे माणसं मारली, आणि १९७४ नंतर लष्करी राजवटीनंही तिथेच मारली. त्या राजवटीची कथा मेस्केल चौकातल्या 'लाल दहशत' संग्रहालयात आहे. कवट्या, कपडे, शाळकरी मुलांचे फोटो. मला दाखवायला जे गृहस्थ आले ते स्वतः त्या काळात कैदेत होते. आईंना नेऊ नका, पण तुम्ही जा.

सांजवात

माझी आजी १९६० च्या दशकात अदिसच्या एका शाळेत गणित शिकवायची. त्या काळी तिकडच्या सरकारनं भारतातून खूप शिक्षक नेले होते. ती सांगायची, २५ मे १९६३ ला आफ्रिका हॉलमध्ये ३२ देशांचे नेते जमून आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली, त्या आठवड्यात शाळेची मुलं झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि कुठला झेंडा कुठल्या देशाचा हे पाठ करून घ्यायचं काम तिच्याकडे. त्यातले कितीतरी देश दोन-तीन वर्षांचे होते, पुस्तकात झेंडेच नव्हते. तिनं रंगीत कागद कापून केले.

तिची जेबेना आमच्याकडे आहे. मान तुटली होती, बाबांनी सिमेंट लावून जोडली. ओवीताई, 'बेरेका' शब्द कितीतरी वर्षांनी वाचला. आजी तिसरा कप भरताना तो म्हणायची, आम्हाला वाटायचं तिचाच शब्द आहे.

पायवाट

सर्वांचे आभार. तिकीट बदललं, जाताना अदिसला एक रात्र आणि पुढचा संध्याकाळपर्यंतचा दिवस मिळतोय. आईला फार चालवत नाही. रानमोगराताई, काय बघू?

रानमोगरा

पहिली गोष्ट, शहर २,३०० मीटरच्या वर आहे, आईंना चढावर धाप लागेल, पाणी भरपूर द्या आणि गाडी दिवसभरासाठी ठरवा. सकाळी होली ट्रिनिटी कॅथेड्रल: आत सम्राटांची ग्रॅनाइटची समाधी, बाहेर सिल्व्हिया पँकहर्स्टची कबर. इंग्लंडात बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली ही बाई पुढे इथिओपियासाठी लढली आणि १९६० मध्ये इथेच वारली. मग लूसी, मग सिदिस्त किलो. राजवाड्याच्या समोर झाडाखाली बाक आहेत, आईंना तिथे बसवा, समोरच तो जिना दिसतो. दुपारी शिरो. बुधवार किंवा शुक्रवार गाठता आला तर उत्तम.

गाडीवाल्याला वेळ सांगताना 'फेरेंजी' म्हणायला विसरू नका, विमान आहे.